ह्यांचं काचेचं कपाट

१० जानेवारी १९९६, बुधवार

ही डायरी चिकपेटच्या एका सराफाने विश्वासला नवीन वर्षाची भेट दिली. विश्वासने ती बायकोला दिली, सूनबाईला तिचा रंग आवडला नाही, मग दिव्यश्रीने माझ्या मांडीवर आणून टाकली. म्हणाली, आज्जी, तू दिवसभर बोलतेस, आम्ही बाहेर गेलो की हिच्याशी बोलत जा, ही उलट बोलणार नाही. नात आहे की सासू, कधीकधी कळत नाही.

मी तिसरी पास. चौथीत गेले आणि शाळेचे पत्रे वाऱ्याने उडाले. गुरुजी पत्रे शोधायला गेले ते परत आलेच नाहीत. मग लग्नच झालं आणि विट्याच्या बाजूच्या त्या कोरड्या माळावरून मी थेट बंगळुरात येऊन पडले. तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर वाचणाऱ्याने समजून घ्यावं. खरं तर वाचणाऱ्याने वाचूच नये, ही खाजगी आहे.

आज लिहायला घेतलं कारण दोन बातम्या आहेत. पहिली फार गोड. आमच्या गलाईवाल्यांचं इथे मंडळ आहे. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम, आमच्याकडची निम्मी माणसं त्याच कामावर देशभर पांगलीत. तर मंडळाने ठरवलं, ह्यांच्या वर्षश्राद्धाच्या सुमाराला, २५ फेब्रुवारीला रविवारी, हॉलमध्ये ह्यांचं मोठं रंगीत चित्र लावायचं आणि खाली काचेच्या कपाटात ह्यांच्या वस्तू ठेवायच्या. मानवतेचे पुजारी असं लिहिणार आहेत. मी ऐकलं आणि अध्यक्ष अप्पासाहेबांच्या हातावर आधी साखर ठेवली, मग रडले.

दुसरी बातमी विश्वासची. चामराजपेटेतल्या आमच्या घराला रस्त्याकडून एक बाहेरची खोली आहे. गावाकडून जो कुणी कामाच्या शोधात उतरेल तो आपल्या पायावर उभा राहीपर्यंत तिथे राहायचा. जेवायचा अर्थात आमच्यात. विश्वास म्हणतो, आता ती खोली एसटीडी बूथला भाड्याने देऊ. मार्चात इथे वर्ल्ड कपची मॅच आहे, बाहेरगावची माणसं येतील, फोन करतील. मी म्हटलं, बघू. माझं बघू म्हणजे नको असतं, हे त्याला चाळीस वर्षांत कळलेलं नाही.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत. दिवसभर एळ्ळू-बेल्ल वाटून पाय दुखले. इथे तिळासोबत खोबरं, शेंगदाणे, गुळाचे खडे आणि वर उसाचं कांडं देतात. मी आमचे तिळाचे लाडूही देते. त्यामुळे माझ्याकडे दोन्हीकडच्या बायका येतात आणि कुठल्याच गोड बोलत नाहीत.

समारंभात दिव्यश्री आजोबांवर बोलणार आहे. कालपासून मागे लागलीय, आज्जी सांग, आज्जी सांग. मला काय, सांगायला मिळालं की झालं.

सांगितलं की हे चौदा वर्षांचे असताना दुष्काळात गाव सोडून आले. बंगळूरच्या स्टेशनवर उतरले तर कन्नड येईना, कुणी ओळखीचं नाही, तीन दिवस नळाच्या पाण्यावर काढले. तेव्हापासून हे कामासाठी मॅजेस्टिकला, म्हणजे स्टेशनच्या बाजूला गेले की मिरजेची गाडी बघून यायचे. धोतर-टोपीवाला बावरलेला कुणी दिसला की त्याची वळकटी आपल्या सायकलला बांधायचे आणि घरी आणून सोडायचे. आणून सोडलं की ह्यांचं काम झालं. पुढे विसरून जायचे.

विसरून म्हणजे खरंच विसरून. एकदा एकाला आणून बाहेरच्या खोलीत बसवलं आणि हे भट्टीवर निघून गेले. आठवड्याने जेवताना त्याच्याकडे बघून मला हळूच विचारतात, हा कोण? मी म्हटलं, तुम्हीच आणलाय. तर म्हणाले, असं होय, चांगला दिसतो. तोवर मी त्याला बाजारातल्या एका भट्टीवर लावून दिलं होतं, त्याच्या आईला पत्र टाकलं होतं, आणि दाढ दुखत होती ती काढून आणली होती. तोच रघुजी, आज त्याची तीन दुकानं आहेत. काय माणूस होते हे! रघुजीचं आयुष्य घडवलं.

दिव्यश्री लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, आज्जी, दाढ काढायला कोण घेऊन गेलं? म्हटलं, मीच की, हे भट्टीवर होते. तिने मान डोलावली आणि काहीतरी खोडून परत लिहिलं. हल्लीच्या मुली फार खाडाखोड करतात.

१९ जानेवारी, शुक्रवार

अप्पासाहेब ह्यांचं चरित्र लिहून घेऊन आले होते. वाचून दाखवलं. त्यात हे पहाटे चारला उठून थंड पाण्याने अंघोळ करतात, गीता वाचतात, आणि मग दीनदुबळ्यांच्या शोधात निघतात. मला इतकं हसू यायला लागलं की मी पदर तोंडात कोंबला. अप्पासाहेबांना वाटलं मी गहिवरले. त्यांनी आवाज आणखी चढवला.

हे सातच्या आत कधी उठले नाहीत. थंड पाणी दिसलं की शेजारच्या खोलीत जायचे. गीता घरात आहे, पण ती कपाटाचा पाय लुळा होता त्याखाली होती, पाया पडून ठेवलेली. मी हळूच म्हटलं, चारच्या जागी पाच करा, एवढी थंडी नको. ते हसले आणि चारच ठेवलं.

मग खरी पंचाईत झाली. ते म्हणाले, कपाटात ठेवायला विठोजींची कामावरची बंडी द्या, टॉवेल द्या, भट्टीपुढे बसायचे ते बसकर द्या.

आता ही आमच्याच लोकांत होऊ शकते अशी गोष्ट. गलाईवाला भट्टीवरचं काही फेकत नाही. केर फेकत नाही, हात धुतलेलं पाणी फेकत नाही, कपडे तर नाहीच नाही. वर्षानुवर्षं सोन्याचे कण उडून कापडात बसलेले असतात. म्हणून कपडा जुना झाला की तो जाळायचा, राख मुशीत घालून वितळवायची, तळाला सोन्याचा मणी उरतो. ह्यांचं सगळं मी गेल्या दिवाळीत असंच विश्वासकडून जाळून घेतलं होतं. रीतच आहे. मनात आलंसुद्धा नाही की ह्या चिंध्या कुणी काचेत ठेवेल.

अप्पासाहेब स्वतः गलाईवाले, त्यांना रागावताही येईना. म्हणाले, मग तो मणी तरी द्या, मखमलीवर ठेवू. विश्वासला विचारलं. तो म्हणाला, मणी दुसऱ्या सोन्याबरोबर लगडीत गेला, लगड सराफाकडे गेली, सराफाकडून कुठे गेली कोण जाणे. म्हणजे हे आता चिकपेटेतून कुणाच्या तरी बांगडीत जाऊन बसलेत. मी म्हटलं, लग्नकार्यात हिंडायची ह्यांना हौस होतीच. सूनबाई हसली, विश्वास हसला, अप्पासाहेब हसले नाहीत. कपाटाचं सुताराला आगाऊ सांगून झालं होतं.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

सबंध घर उचकलं. ह्यांची म्हणावी अशी वस्तू मिळेना. चष्मा सरणात गेला. सायकल ह्यांनीच कुणाला तरी दिली होती आणि कुणाला ते विसरले होते. काठी वापरलीच नाही.

शेवटी अप्पासाहेबांनी विचारलं, लोक आले की त्यांच्यासाठी ह्या घरात नेमकं काय लागायचं? मी म्हटलं, ती मोठी पितळी परात, पीठ मळायची. मोठा तवा. आमटीचं पातेलं, त्याचा डाव. पाणी तापवायचा बंब. आणि बाहेरच्या खोलीची गोधडी, मीच शिवलेली, तेरा जणांना पुरायची, आडवे झोपले तर. ते म्हणाले, हेच तर विठोजींचं खरं सामान. हमाल आणून सगळं घेऊन गेले, बंब तेवढा हलेना म्हणून राहिला.

आज संध्याकाळी सवयीने परातीला हात घातला तर भिंतच लागली. स्टीलच्या ताटात पीठ मळलं. पण आनंदही झाला. आपली परात काचेत बसली म्हणजे ह्यांची आठवण कायमची झाली.

दिव्यश्रीला सांगितलं. तिने विचारलं, कपाटावर कुणाचं नाव लिहिणार? म्हटलं, आजोबांचं, आणखी कुणाचं? ती म्हणाली, सरी. कन्नडमध्ये सरी म्हणजे बरं. पण ही पोरगी ते अशा काही सुरात म्हणते की त्याचा अर्थ बरं नाही असा होतो.

८ फेब्रुवारी, गुरुवार

आज पद्मावती आली होती. सेलमची, तमिळ. मागच्या गल्लीत राहते, नवरा दागिने घडवतो. समारंभाचं आमंत्रण द्यायला मीच बोलावलं. दिव्यश्री लगेच वही घेऊन बसली, कारण पद्मावतीची गोष्ट म्हणजे ह्यांच्या मानवतेचा कळस आहे.

ते एक्क्याण्णव साल. कावेरीच्या पाण्यावरून बंगळुरात पेटलं होतं, तमिळ लोकांच्या घरांवर माणसं जात होती. पद्मावतीचा नवरा तेव्हा सेलमला. ती दुपारी मागच्या दाराने आली, तोंडाला कोरड, पायात चप्पल नाही. मी काही विचार केला नाही. विचार करायला वेळ कुठे होता, तव्यावर भाकरी होती. माझं नऊवारी तिला नेसवलं, कपाळाला आडवं कुंकू लावलं, चुलीपुढे बसवलं आणि हातात पिठाचा गोळा दिला. तेवढ्यात पुढच्या दाराशी सातआठ जण. आत कोण आहे म्हणून विचारायला लागले. मी म्हटलं, माझी जाऊबाई, गावाहून आलीय. एकजण म्हणाला, तिला बोलायला सांगा. मी म्हटलं, आज मार्गशीर्षातला गुरुवार, तिचं मौन आहे, व्रत मोडलं तर पाप तुझ्या डोक्यावर. ते घाबरले. पद्मावतीने तेवढ्यात भाकरी थापली. तशी भाकरी मी जन्मात पाहिली नाही, एका बाजूला कापूस, एका बाजूला वीट. पण थाप थाप आवाज बरोबर आला आणि ते गेले.

कर्फ्यूमुळे हे चिकपेटेत भट्टीवरच अडकले होते. तीन दिवसांनी आले. चुलीपुढे बाई बघून म्हणाले, वहिनी कधी आल्या? आणि त्यांना खरंच वाटलं गावची कुणीतरी आहे. दोन दिवस तिला विचारत होते, यंदा पाऊस कसा आहे, विहिरीला पाणी आहे का. ती बिचारी मान हलवायची, मौन मोडायची तिला भीती. शेवटी मी सांगितलं तेव्हा म्हणाले, मग आणखी राहू दे त्यांना, पावसाचं मी दुसऱ्या कुणाला विचारीन.

पद्मावतीला हे आठवून इतकं हसू आलं की ठसका लागला. मग डोळे पुसत मोडक्या मराठीत म्हणाली, "अक्का, ते देवमाणूस. पण त्या दिवशी दार तुमी उघडलं."

मी म्हटलं, अगं, दार उघडलं तर काय, घर तर त्यांचं होतं.

दिव्यश्री आज एक अक्षर लिहीत नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती. म्हटलं, लिही की, एवढी चांगली गोष्ट. म्हणाली, आठवणीत राहील.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

मन स्वल्प, म्हणजे इथल्या बोलीत थोडं, जड आहे. विश्वास आज नीट समोर बसून बोलला. वाईट मुलगा नाही तो. आता मोठ्या यंत्रांनी सोनं शुद्ध करणारे कारखाने निघालेत, आपल्या भट्टीला पूर्वीसारखं काम राहिलेलं नाही, दिव्यश्रीचं कॉलेज पुढे आहे. खोली वर्षभर जवळजवळ रिकामी आहे. म्हणाला, आई, ते काम बाबांचं होतं. बाबांबरोबर संपलं. आपण त्यांचं चित्र लावतोय, मान देतोय. आता खोली धरून बसण्यात काय अर्थ?

खरंच आहे, काम त्यांचं होतं. मी आपली स्वयंपाक करणारी. माणसं आणायला आता स्टेशनवर कोण जातं? मी, गोजराबाई, खोली चालवते म्हटलं तर लोक काय म्हणतील, म्हातारीला मोठेपणा हवाय.

समारंभ होऊ दे, मग सांगते म्हटलं. रिकाम्या खोलीत जाऊन उगाच झाडलं. केर सवयीने सुपात गोळा करून ठेवला.

२६ फेब्रुवारी, सोमवार

काल समारंभ झाला. रात्री दमून लिहायचं राहिलं.

चित्र फार सुंदर आलंय. कुणाचं आहे ते कळत नाही, पण सुंदर आहे. चित्रकाराने ह्यांना फेटा घातला, ह्यांनी लग्नातसुद्धा टोपी घातली होती. मिशी दुप्पट केलीय. खाली कपाटात परात, तवा, पातेलं, डाव आणि गोधडी, आणि पाटी: कै. विठोजी यांच्या नित्य वापरातील वस्तू. पद्मावतीने पाटीवरचं कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि खांबाआड जाऊन हसत उभी राहिली.

अप्पासाहेब पाऊण तास बोलले. चार वाजले, थंड पाणी झालं, गीता झाली.

मग दिव्यश्री उठली. मला वाटलं मोठं भाषण करेल. ती म्हणाली, माझे आजोबा स्टेशनवरून माणसं आणायचे, कारण तिथे उपाशी बसणं काय असतं ते त्यांना माहीत होतं. आणून ते विसरून जायचे. मग म्हणाली, ह्या कपाटातल्या परातीची भाकरी ज्यांनी खाल्लीय त्यांनी हात वर करावा. बाई गं, सबंध हॉलचे हात वर गेले. रघुजीने तर दोन्ही हात वर केले. मला भरून आलं.

मग ती म्हणते, "आजोबांनी ही परात कधी हातात धरलेली ज्यांनी पाहिली, त्यांनीच हात वर ठेवा."

सगळे हात खाली. कुणीतरी फसकन हसलं, मग सगळा हॉल हसला, मग टाळ्या. अप्पासाहेब पाणी प्यायला लागले. ती आपली खाली येऊन माझ्या शेजारी बसली.

मला विचाराल तर पोरीने आजोबांचा स्वल्प अपमानच केला. पुरुष माणूस परात कशाला धरेल? पण लोकांना आवडलं, आपण काय बोलणार.

नंतर पाया पडायला रांग लागली. गंमत म्हणजे चित्राकडे थोडेच गेले, सगळे माझ्याकडेच. चित्राजवळच्या हारांना मुंग्या लागल्या होत्या, म्हणून असेल. रघुजी पाया पडला आणि उठेचना. म्हणाला, काकी, ती दाढ होती ना. एवढंच म्हणाला. एवढा मोठा दुकानदार, दाढेवर काय रडायचं!

२७ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते सावकाश लिहिते.

सकाळी दाराशी एक जोडपं. ज्योतिबा नावाचा, आटपाडीकडचा, बायको, तिच्या कडेवर लेकरू. बायकोला प्रवासात ताप भरलेला. गावात कुणीतरी सांगितलं होतं, बंगळुरात उतरलात की चामराजपेटेत विठोजींचं घर विचारा. स्टेशनवरून कुणी आणलं नाही, विचारत विचारत आपले आपण आले. हे गेल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं. ऐकलं आणि तो वळकटी परत उचलायला लागला.

मी म्हटलं, थांबा. त्याच्या बायकोला बाहेरच्या खोलीत निजवलं, बंब पेटवला.

आणि नेमका तेव्हाच विश्वास बूथवाल्याला घेऊन आला, टेप घेऊन, खोलीचं माप घ्यायला. आत बघतो तर बाई निजलेली, लेकरू त्याच्याकडे बघून हसतंय. बूथवाला दारातच अडखळला.

विश्वास मला ओट्यावर घेऊन आला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "आई, तुझ्या मनात द्यायची नसेल तर तसं सांग, मी ऐकेन. पण आज सांग."

माझ्या मनात काय आहे, असं कुणी कधी विचारलं नव्हतं, तर उत्तर तयार कुठून असणार? मग नेहमी जे म्हणत आले तेच तोंडातून गेलं.

"थांब जरा. ह्यांना विचारून सांगते."

आत गेले. ह्यांच्या फोटोचा हार वाकडा होता तो सरळ केला. आमटीला उकळी आली होती, खाली उतरवली. तांब्यातलं घोटभर पाणी प्यायले. बाहेर आले आणि म्हटलं, नको म्हणतात.

विश्वास म्हणाला, आई, बाबांना जाऊन वर्ष झालं.

म्हटलं, मग? ह्यांना मी कायम असंच तर विचारत आले. कुणी दारात आलं की मी म्हणायचे, थांबा, ह्यांना विचारून सांगते. आत जायचं, हातातलं काम उरकायचं, बाहेर येऊन सांगायचं, हो म्हणतात. हे तेव्हा चिकपेटेत भट्टीवर असायचे. रात्री आल्यावर मी कानावर घालायचे आणि ते म्हणायचे, बरं केलंस.

विश्वास म्हणाला, म्हणजे दर वेळी? म्हटलं, दर वेळी नाहीतर काय, कर्त्या माणसाला विचारल्याशिवाय बाईने घरात माणसं ठेवायची? तर तो पायरीवर बसला आणि इतका हसला, इतका हसला की बूथवाल्याने टेप गुंडाळून खिशात घातला. हसता हसता त्याचे डोळे का भरले ते मला कळलं नाही. बापाची आठवण आली असेल.

मग डोळे पुसून तो बूथवाल्याला म्हणाला, खोलीचं राहू द्या, जिन्याखाली बूथ बसतो का ते बघा. स्वल्प अडचण होईल, पण बसतो म्हणे.

आता तिघं जेवून निजलेत. ताप उतरलाय. मीही फोटोपुढे क्षणभर बसले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला प्रत्येक वेळी होच म्हटलं. आज पहिल्यांदा नको म्हणाले, आणि तेसुद्धा किती वेळेवर.